दिवा लागण्याची अट

"कळलं का?" असं बाईंनी विचारायचं आणि वर्गाने एका सुरात "होऽऽ" म्हणायचं, ही आपल्याकडची शाळेतली दुसरी प्रार्थना. महानंदा बिराजदारनेही ती नववीपर्यंत मनोभावे म्हटली. मग शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि ती सोलापुरात श्रीशैल टेलरची बायको होऊन आली. त्यानंतर "कळलं का?" विचारायची पाळी तिची आणि उत्तर द्यायची श्रीशैलची. त्याचं उत्तर एकच असे : "हं." तो शाळांचे गणवेश शिवायचा आणि त्याच्या ओठांत कायम चार टाचण्या असायच्या. टाचण्या धरलेल्या तोंडातून याहून मोठा शब्द निघत नाही हे खरं, पण टाचण्या काढल्यावरही तो निघत नसे.

अशात उमजपट्टी आली.

पोरी केसांत घालतात तसल्या हेअरबँडसारखी ती दिसायची. तिच्यामागचं शास्त्र काही फार अवघड नाही. आपल्याला एखादी गोष्ट थोडी थोडी कळत नाही. बराच वेळ काहीच कळत नाही आणि मग एकदम कळते. त्या 'एकदम'च्या अगदी आधी मेंदूत, उजव्या कानाच्या वरच्या अंगाला, वेगवान लहरींचा एक झोत उठतो. पापणी लवते न लवते तोच तो विरून जातो. पट्टीतल्या केसाहून बारीक तारा हा झोत टिपायच्या आणि कपाळावरचा मुगाच्या दाण्याएवढा दिवा हिरवा व्हायचा. आव आणून तो लागत नसे, आणि मान डोलावून तर मुळीच नाही.

सुरुवातीला लोकांना मोठी गंमत वाटली. लग्न ठरवायच्या बैठकीत दोन्हीकडची मंडळी पट्ट्या घालून बसू लागली. एका डॉक्टरांनी दवाखान्यात पट्ट्या ठेवल्या आणि आठवड्यात काढून टाकल्या, कारण पथ्यपाणी ऐकताना एकाही पेशंटचा दिवा लागेना आणि डॉक्टरांचा धीर सुटायला लागला. सासू-सुनांनी तर पट्ट्या दुकानदाराला परत नेऊन दिल्या. काही गोष्टी न कळलेल्याच बऱ्या, यावर दोघींचं एकमत झालं.

शाळांनी मात्र पट्टी धरून ठेवली. कुठल्या वर्गात किती दिवे लागले याचे फलक फाटकांवर झळकू लागले. मग व्हायचं तेच झालं. ज्या पोरांचे दिवे उशिरा लागत ती फलकाला जड होऊ लागली. त्यांच्या आईबापांना बोलावून, चहा पाजून, दुसरी शाळा बघायला सांगण्यात येऊ लागलं. अशा पोरांना गावात 'विझकी' म्हणत.

ही विझकी पोरं जिथे जाऊन थांबायची ती शाळा अक्कलकोट रोडवर, सूत रंगवायच्या एका जुन्या गोदामात होती. नाव 'दुसरी घंटा'. ती चालवायच्या तस्नीम मुजावर मॅडम. बाई ठेंगण्या, आवाज मात्र गोदाम पुरून उरेल असा. त्यांच्या शाळेत वयाची अट नव्हती, मार्कांची नव्हती, शाळा सोडल्याचा दाखलाही कुणी मागत नसे. प्रवेशाची अट एकच. सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि आपल्याला कधीच न कळलेली, तरीही जिला आपण "हो, कळलं" म्हणून आलो अशी एक गोष्ट मोठ्याने सांगायची.

ऐकायला ही अट सोपी वाटते. उभं राहून बघावं.

महानंदा शाळेत गेली ती गणवेशांची मापं घ्यायला, आणि मॅडमनी सांगितलं की इथे गणवेश नाही. ऑर्डर बुडाली. परत फिरायच्या आधी तिने दारातूनच एक प्रवेश बघितला. श्रावणी येमूल नावाची सतरा वर्षांची, चांगली तरतरीत मुलगी उभी राहिली आणि म्हणाली की तिला काट्यांचं घड्याळ बघता येत नाही. कुणी हसलं नाही. मॅडम "या, बसा" म्हणाल्या आणि ती बसली. एवढंच. महानंदाला काय झालं ते तिचं तिला समजलं नाही. मापाचा टेप गळ्यात तसाच ठेवून ती आत गेली आणि त्याच जागी उभी राहिली.

"चंद्र लहान-मोठा का होतो ते मला कळलं नाही," ती म्हणाली. "पृथ्वीची सावली पडते असं मी धरून चाललेय. पण मग पुनवेला ती सावली जाते कुठं?"

"या, बसा," मॅडम म्हणाल्या.

पुढची दोन वर्षं महानंदाच्या आयुष्यातली सगळ्यात मजेची गेली. सकाळी शाळा, दुपारपासून काज-बटण. श्रीशैल मशीनवर आणि ती समोर पायावर पाय टाकून शर्टांना काजं करत. हात चालू आणि तोंडही चालू. सकाळी जे शिकली ते सगळं ती दुपारी त्याला ऐकवायची. समीकरणं, पेशी, ग्रामसभा, भूकंपाच्या लाटा, काही म्हणता काही सोडलं नाही. मॅडमचं सांगणं ती आपल्या स्वयंपाकघरातून फिरवून आणायची. चंद्र म्हणजे तिच्या भाषेत गॅसवर भाजायला ठेवलेलं वांगं. आचेकडची बाजू कायम भाजलेली, दुसरी कायम कच्ची. आपण ओट्याच्या कुठल्या बाजूला उभे, त्यावर आपल्याला भाजलेलं किती दिसणार ते ठरतं. वांगं काही लहान-मोठं होत नाही.

"कळलं का?" ती विचारायची.

"हं," टाचण्यांमधून उत्तर यायचं. महानंदा त्या 'हं'ला फार धरून बसत नसे. भिंतीशी बोललं तरी आपली उजळणी होते, असं ती श्रावणीला सांगायची. श्रावणी म्हणायची, "काकू, भिंतीचं नशीब म्हणायचं ओ. तिला कान बंद करता येत नाहीत."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मॅडमनी तिला बोलावून घेतलं. शाळा शिकता न आलेल्या पन्नासेक बायकांची नवीन तुकडी जुलैपासून सुरू होणार होती, आणि ती महानंदाने घ्यावी असं मॅडमच्या मनात होतं. वांग्याची गोष्ट शाळाभर झाली होती. अडचण एकच होती. वर्गासमोर उभं राहायला शिक्षण मंडळाला उत्तीर्ण माणूस लागे.

उत्तीर्ण होण्याची अटही या शाळेची स्वतःचीच होती. पेपर नाही, मार्क नाहीत. शाळेत शिकलेली एक गोष्ट आपल्या घरातल्या एका माणसाला समजावून सांगायची आणि मंडळाच्या निरीक्षकासमोर त्याचा दिवा लावून दाखवायचा. शिकवणाऱ्याच्या डोक्यावरही पट्टी असायची. तिचा दिवा लागायची कुणाची अपेक्षा नसे, मात्र तशी रीत होती. अशा संधी दोन, एक एप्रिलमध्ये, एक जूनमध्ये. दोन्ही हुकल्या तर वर्षभर थांबायचं, म्हणजे तुकडी दुसऱ्या कुणाच्या हातात जायची.

महानंदाच्या घरात माणूस एकच होता.

एप्रिलमध्ये श्रीशैल इस्त्रीचा शर्ट घालून आला. ओठ मोकळे होते, त्यामुळे त्याचं तोंड जरा अनोळखी वाटत होतं. निरीक्षक कारंडे साहेब खुर्चीत बसले. महानंदाने चेंडू घेतला, बल्ब घेतला, आणि चंद्राच्या कला अशा सांगितल्या की मागच्या बाकावरच्या तिघांनी उठून टाळ्या वाजवल्या. श्रीशैलने मान हलवली. "कळलं," तो म्हणाला, चक्क पुरा शब्द.

दिवा लागला नाही.

तिने पुन्हा सांगितलं. वेगळ्या तऱ्हेने सांगितलं. दिवा तसाच काळा. कारंडे साहेबांनी हळू आवाजात पुढचं नाव घेतलं.

 घरी पोचल्यावर तिचं तोंड सुटलं. इतकी वर्षं आपण भिंतीशी बोलत होतो हे गमतीत म्हणत होते, आज पट्टीनेच सांगितलं, असं काहीबाही बोलली. श्रीशैल एवढंच म्हणाला की त्याला कळलं होतं, दिवा लागला नाही त्याला तो काय करणार. त्यावर महानंदा म्हणाली की पट्टी खोटं बोलत नाही. मग त्याने टाचण्या तोंडात घेतल्या. भांडण संपवायची त्याची ती जुनी सोय होती.

दुसऱ्या दिवशी श्रावणी धाकट्या बहिणीचा गणवेश न्यायला आली. घरातली हवा बघून तिने सगळा वृत्तांत काढून घेतला आणि मग थेट श्रीशैलसमोर स्टूल ओढून बसली. आपली पट्टी काढून त्याच्या डोक्यावर बसवली आणि वकिलासारखा प्रश्न केला. काकांनी सांगावं, अमावास्येनंतर चंद्राची कोर संध्याकाळी पश्चिमेलाच का दिसते?

श्रीशैलने टाचण्या काढून उशीत खोचल्या. मशीनचा छोटा दिवा वळवला, एक बॉबीन उचलली आणि सांगायला लागला. कोर सूर्याच्या जवळपासच असणार, म्हणून सूर्य मावळतो त्या बाजूला. बाकी सगळा खेळ आपण कुठून बघतो याचा. वांगं गॅसवर असतं ना, आचेकडची बाजू कायम भाजलेली... त्याने वांगं सांगितलं, ओटा सांगितला, एवढंच काय, दिवाळीआधी ते सांगताना महानंदाने मध्येच "दूध बघा हो, उतू जाईल" म्हटलं होतं, तेही त्याच ठिकाणी सांगितलं.

महानंदा दारात उभी होती. तिच्या हातातला शर्ट खाली पडला.

दिवा लागला नव्हता. लागणारच नव्हता. श्रावणीने समीकरण विचारलं, त्याने सोडवलं. पेशी विचारली, काढून दाखवली. भूकंपाच्या लाटांत पहिली कुठली पोचते तेही सांगितलं. कपाळावर मात्र अंधार.

श्रावणीच्या कपाळावर आता पट्टी नव्हती, पण तिचा चेहरा एकदम उजळला. "काकू, पट्टी कळण्याचा क्षण पकडते," ती म्हणाली. "कळून बसलेल्याला काय पकडणार? काकांची दहावी कधीच झालीय बे. मशीनवर बसून."

महानंदा हसायला लागली. हसता हसता खाली बसली, आणि डोळे पुसायला तिने कुठल्या तरी शाळेची नवीकोरी बाही ओढून घेतली. मग तिने नवऱ्याला विचारलं, की सगळं ऐकत होतात तर कधी बोलला का नाहीत. श्रीशैलने बॉबीन जागेवर ठेवली. म्हणाला, "तू थांबली असतीस."

झालं, भांडण मिटलं आणि खरी पंचाईत सुरू झाली. दोन वर्षांत महानंदा जे जे शिकली ते ते या माणसाच्या डोक्यात आधीच जाऊन बसलेलं. ती तस्नीम मॅडमकडे गेली. मॅडम आधी पोटभर हसल्या आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला. घरात सगळं सांगून टाकणारी विद्यार्थिनी आजवर त्यांच्याकडे आली नव्हती. बाकीच्यांच्या घरी उलट अडचण असायची. अट मंडळाकडे नोंदलेली, ती बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. एकच वाट होती. जूनपर्यंत काही तरी नवं शिकायचं आणि घरी त्यातलं अवाक्षर काढायचं नाही.

मॅडमनी तिला ध्वनी शिकवायला घेतला. आवाज म्हणजे काय, तो हवेतून कसा चालतो, रुळाला कान लावला की गाडी आधी का ऐकू येते. महानंदाला ते इतकं आवडलं की तिच्या जिभेला खाज सुटली. दुपारी काजं करताना ती ओठ मिटून बसायची. एकदा तर तिने स्वतःच चार टाचण्या तोंडात धरल्या.

घर एकदम शांत झालं. मे महिना, गणवेशांचा हंगाम, मशीन दिवसभर चालू, आणि तिच्या खडखडीपलीकडे काही नाही. श्रीशैल मध्येच थांबून तिच्याकडे बघायचा. पंखा वाढवायचा, परत कमी करायचा. एकदा कारण नसताना चहा करून घेऊन आला आणि साखर विसरला. कशासाठी गप्प राहायचं हे त्याला सांगितलेलं होतं, त्याला पटलेलंही होतं. पण पटणं वेगळं आणि सोसणं वेगळं.

मग एके दुपारी महानंदाने काजं करायला शर्टांचा गठ्ठा ओढला आणि बघत राहिली. सगळ्या शर्टांना दोन्ही बाह्या डाव्या लावलेल्या होत्या. एक नाही, दोन नाही, अख्खा गठ्ठा. हा माणूस झोपेतसुद्धा बाही चुकला नसता.

तिने गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला. त्याने एक शर्ट उचलला, उलटा केला, सुलटा केला. "आवाज नसला की हात चुकतो," तो अपराध्यासारखं म्हणाला.

मग काय राहतंय. दोघं उसवायला बसली. पहिली बाही निघेपर्यंत महानंदाने दम धरला. दुसरी निघताना ती म्हणाली, "अहो, तुम्हाला माहितीये का, आवाज म्हणजे निव्वळ हवेची ढकलाढकली असते," आणि मग धरण फुटलं. गठ्ठा उसवून होईतो ध्वनी संपला होता. प्रतिध्वनी, वटवाघूळ, रेल्वेचे रूळ, सगळं. श्रीशैलच्या हातांना पुन्हा लय सापडली होती आणि महानंदाच्या हाती काही उरलं नव्हतं. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिने शोधूनही पाहिलं, पण तिला ते सापडलं नाही. फक्त त्या पन्नास बायकांचा वर्ग डोळ्यांसमोर आला की आत कुठे तरी टाचणी टोचायची.

जूनमधल्या त्या सकाळी ती दोघं शाळेत गेली. ठरलेल्या वेळेला जायचं आणि खरं ते सांगायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. गोदामात सगळे जमले होते. श्रावणी पुढच्याच बाकावर. कारंडे साहेबांनी विषय विचारला. महानंदा पट्टी घालून उभी राहिली आणि म्हणाली की विषय नाही, जे होतं ते सगळं यांना सांगून झालंय, अगदी ध्वनीसकट.

कारंडे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले की मग त्यांनाही काही करता येणार नाही. तस्नीम मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तेव्हा श्रीशैल खाकरला. पट्टी घातलेला तो लांबट चेहरा सगळ्यांकडे एकदा बघून बायकोकडे वळला.

"मला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "बऱ्याच दिवसांपासनं. तू चंद्र सांगितलास तेव्हापासनं."

"मग विचारलं का नाहीत?"

"तू पुढं भूकंपावर गेलीस." तो म्हणाला. "तिकडं चंद्रावर कुणी उभं राहिलं, तर त्याला आपण कसे दिसणार? आपणबी लहान-मोठे होत असू का?"

महानंदाने चंद्र मनातल्या मनात फिरवून बघितला. हे तिला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं आणि तिच्या मनातही कधी आलं नव्हतं. वर्गात कुणी तरी पुटपुटलं, त्याला श्रावणीने कोपराने गप्प केलं.

"थांबा," महानंदा म्हणाली. "बघू या आपण."

तिने खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. बल्ब नेमका त्या दिवशी गेलेला होता, म्हणून तिने कारंडे साहेबांना मोबाइलची बॅटरी लावून हात उंच धरायला लावला. निरीक्षक सूर्य झाले. श्रीशैल मधोमध उभा राहिला, तो पृथ्वी. ती स्वतः चंद्र झाली. चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो, तेव्हा मी तुमच्याकडे पाठ करायची नाही, असं तिने त्याला बजावलं आणि त्याच्याभोवती फिरायला लागली, तोंड सारखं त्याच्याकडे ठेवून. फेऱ्याला फेरा, हळद लागलेल्या नवरीसारखा, फक्त वय तेवढं उलटलेलं.

आधी ती सूर्यापासून लांब, त्याच्या मागे गेली. "आता मी पुनवेची," ती म्हणाली. "मी सगळी दिसते ना?" त्याने वळून बघितलं आणि सगळी दिसतेस म्हणाला. तिला मात्र त्याचा चेहरा नीट दिसेना. प्रकाश त्याच्या पाठीमागून येत होता, तो नुसता काळा आकार दिसत होता. हे काही तरी निराळंच होतं. ती सरकत राहिली. बाजूला आली तेव्हा त्याचा अर्धा चेहरा उजेडात आला, एक कान, अर्धी मिशी. तिची पावलं हळू झाली. आणखी पुढे. आता ती सूर्याच्या आणि त्याच्या मधे आली. ग्रहण लागू नये म्हणून जराशी वाकली, आणि उजेड तिच्या डोक्यावरून जाऊन त्याच्यावर पडला.

"आता मला तू दिसत नाहीस," श्रीशैल म्हणाला. "ही अवस. तू सगळी काळी."

"आणि मला तुम्ही सगळे दिसता," महानंदा म्हणाली.

ती वाकल्या वाकल्याच बोलत राहिली.

"अहो, उलटं असतं हे. आपल्याकडं अवस, तेव्हा तिथनं बघणाऱ्याला आपली पुनव. आपल्याला जेव्हा त्याचं काहीच दिसत नाही ना, तेव्हा त्याला आपण पुरे दिसत असतो."

श्रीशैलच्या कपाळावर हिरवा दिवा लागला. नेमक्या त्याच क्षणी तिच्याही.

कारंडे साहेबांना कुठल्या दिव्याकडे बघावं कळेना. वर धरलेला हात तसाच ठेवून ते म्हणाले की शिकवणारीचाच दिवा लागला, म्हणजे तिलाही हे आत्ताच कळलं. मग हे शिकवणं झालं कसं? तस्नीम मॅडम म्हणाल्या की घरच्या माणसाचा दिवा लागला पाहिजे, अट एवढीच आहे. दुसऱ्या कुणाचा लागू नये असं त्यात कुणी घातलेलं नाही, कारण असं होईल हे कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं. साहेबांनी दोन्ही कपाळांकडे पुन्हा बघितलं. मग म्हणाले की बिराजदार बाई उत्तीर्ण, पण हे सगळं मंडळाला समजावताना त्यांना स्वतःला पट्टी घालावी लागणार. गोदाम शिट्ट्यांनी दणाणलं. श्रावणी बाकावर चढली.

महानंदाने यातलं फारसं काही ऐकलं नाही. ती होती तिथेच, वाकलेली, उभी होती.

श्रीशैलने तिला आठवण केली की जून चाललाय, दुकानापुढे गिऱ्हाइकांची रांग लागली असेल, आणि त्याची मान अवघडलीय ती वेगळीच.

"लागू दे रांग," ती म्हणाली. "जरा हलू नका. मला अजून बघू दे."